पाणी कुठं सोडायचं

काळुराम थुंकल्याशिवाय कोपरीत पेरा होत नसे. वाचून कुणी नाक मुरडू नये. आमच्याकडची जमीन खाडीला खेटून आहे, तिच्यात मीठ मुरलेलं असतं, आणि ते निघालं की नाही हे सांगायला ठाण्याच्या कचेरीत कुणी साहेब बसलेला नव्हता. माझा चुलता काळुराम होता. आषाढात तो शेताच्या मधोमध जाऊन घोटाभर चिखलात उभा राहायचा, बोटावर मावेल एवढा चिखल जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. गावातली वीस-पंचवीस माणसं बांधावरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मग तो थुंकायचा आणि म्हणायचा, "आजून येक पानी," नाहीतर म्हणायचा, "टाका." थुंकायचा दोन्ही वेळा. 'टाका' म्हटलं की त्याच दिवशी बी पडे.

काकी, म्हणजे आवडाबाई, त्याची टर उडवायची. माझ्या कालवणात मीठ कमी पडलं तर यांच्या जिभेला पत्ता नसतो आणि गावाचा चिखल चाखत फिरतात, असं ती चारचौघांत म्हणे. काका मिशीत हसायचा. त्याला कौतुक आवडे, अगदी लहान मुलासारखं आवडे, आणि ते मिळवायला त्याला फार कष्ट पडत नसत, कारण त्याचा शब्द खरा ठरत असे.

हा माणूस कसा होता हे मला लिहायचं आहे, आणि त्याच्यावर लिहिण्याचा अधिकार मलाच सगळ्यांत कमी आहे. का, ते मी लपवणार नाही. मी आनंदा, त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. बाप लवकर गेला तेव्हा काकाने मला पदरी घेतलं, ठाण्याच्या शाळेत घातलं, सहा इयत्ता शिकवलं. स्वतः मात्र तो अंगठाबहाद्दर. घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचायचा आणि घरातून जाणारं प्रत्येक पत्र मी लिहायचं, ही रीत मला मिसरूड फुटायच्या आधीपासून पडली होती.

त्याची विद्या तशी साधी होती. खाडीच्या बाजूला मातीचा बांध घातलेला असतो आणि बांधात लाकडी दार असतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीचं पाणी ते दार बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून खाडीत जातं. पावसाचं पाणी शेतात नऊ दिवस कोंडायचं म्हणजे मातीतलं मीठ त्यात उतरतं. मग मोठी ओहोटी बघून उघाडीची खीळ काढायची. असं दोनतीनदा केलं की जमीन भाताजोगी होते. "मिठाला पानीच धुतं," एवढीच काकाची पोथी, आणि ती त्याने जन्मभर वाचली. माणूस एका गोष्टीत पक्का झाला की त्याला वाटू लागतं, सगळी दुनिया त्याच एका गोष्टीची बनलेली आहे. काका त्याला अपवाद नव्हता.

मी कल्याणला गुळाच्या वखारीत कारकून होतो. पुण्याच्या पलीकडे देशावर सरकारने नवा कालवा काढला होता. जिथे बाजरी पिकली तरी लोक देवाला नारळ फोडत, त्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला होता, आणि तिकडचा गूळ रेल्वेने आमच्या वखारीला येऊ लागला होता. १८९० साली, राणीच्या ज्युबिलीनंतर तिसऱ्या वर्षी, धोंडीबा नावाचा शेतकरी ढेपा घेऊन आला. चाळिशीचा, हळू बोलणारा, एकेक शब्द पारखून घेणारा माणूस. ढेपा उतरता उतरता तो सांगू लागला की कालव्याखालच्या त्याच्या वावरात हिवाळ्यात पांढरं फुलतं आणि तेवढ्या जागेतला ऊस पिवळा पडून बसतो. गावात कुणाला त्याचा उमज पडत नव्हता.

मी हसलो. मिठाला काय घाबरता, आमच्याकडे मिठातून भात काढतात, असं म्हणालो. मग काकाच्या जिभेची सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. काका त्या वेळी कोपरीत आपल्या वांग्यांना पाणी घालत असेल. देशावरच्या जमिनीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला या प्रकरणात ओढला तो माझ्या फुशारकीने.

बोलावणं आलं तेव्हा काका लगेच तयार झाला. घाट चढून जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ. मीही दोन दिवसांची रजा काढून बरोबर गेलो. आगगाडीच्या खिडकीतून तो दोन्ही बाजूंची जमीन बघत होता आणि अनोळखी माणसांना तिचे गुणदोष सांगत होता. धोंडीबाच्या घरी त्याची बडदास्त जावयासारखी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव वावरात जमला. आमच्या बांधावर जमायचा तसाच, फक्त पायाखाली चिखल नव्हता. काळी, भेगाळलेली, कोरडी माती होती आणि तिच्यावर पांढरी बुकणी.

काकाने ती बुकणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि थुंकला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला की आपल्यापेक्षा कडू लागतं. मग मोठ्याने म्हणाला की मीठ ते मीठच. वावराला चारी बाजूंनी बांध घाला, कालव्याचं पाणी गुडघाभर भरा, नऊ दिवस हलवू नका, दहाव्या दिवशी सोडून द्या. लोक माना डोलवत होते.

धोंडीबाची आई हौसाबाई बांधाला टेकून बसली होती. सत्तरीची, डोळ्यांनी अधू बाई. ती म्हणाली, "पर पाव्हणं, नऊ दिसांनी त्ये पानी सोडायचं कुठं?"

काका हसला. तो हसला म्हणून मीही हसलो. "आये, पानी आपली वाट आपन शोधतं," असं म्हणून त्याने हात उताराकडे फिरवला.

खाली सहदेवाचं वावर आहे आणि त्याच्याखाली नुसतं सपाट रान आहे, ओढा कुठल्या कुठे लांब, असं ती पुटपुटत होती. धोंडीबाने तिला गप्प केलं. जाणता माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला आडवं बोलू नये, असं तो म्हणाला. सहदेव त्याचा शेजारी. दोघांच्या घरांची भिंत एक. तोही म्हणाला, सोडा की माझ्याकडं, बघू काय हुतंय.

कोपरी वसल्यापासून हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. आमच्याकडे खाडी दिवसातून दोनदा दाराशी येते आणि जे काही नको असेल ते घेऊन जाते. ती नसती तर काय, हा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आला नाही, आणि म्हणून त्या अधू बाईला दिसलं ते माझ्या काकाला दिसलं नाही.

पहिल्या वर्षी सगळं छान झालं. पांढरं गेलं, ऊस हिरवागार आला. पुढच्या हिवाळ्यात काकाला पुन्हा बोलावून चावडीवर त्याच्या डोक्याला लाल फेटा बांधला. गावातल्या आणखी अकरा घरांनी आपापल्या वावरात पाणी कोंडलं. कालव्याला पाणी भरपूर होतं, हात आखडायचं कारण नव्हतं. काका तो फेटा बांधावर जाताना घालायचा, बाजारात घालायचा, उन्हाळ्यात ज्या मिठागरावर तो मुकादमी करी तिथे उन्हात घामाने भिजवायचा. काकी म्हणाली, आता झोपतानाही घाला. आणि त्या भागातला सगळा गूळ आमच्या वखारीला येऊ लागला, कारण काळुरामाचा पुतण्या तिथे होता. शेठने मला हेडकारकून केलं. काकाच्या जिभेवर पाय देऊन मी वर चढलो, असं म्हटलं तरी चालेल.

१८९३ च्या उन्हाळ्यात धोंडीबाचं पोस्टकार्ड आलं. गावच्या मास्तराच्या अक्षरात होतं. वावरं पुन्हा पांढरी झाली आहेत, पूर्वी चार हात जागेत होतं ते आता बाराही घरांच्या शेतांत पसरलं आहे. विहिरीचं पाणी मचूळ झालं, जनावरं तोंड लावत नाहीत. आपण सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, आमच्या हातून काय चुकलं ते कळवावं, गाव विचारतो आहे. शेवटी सर्वांचा नमस्कार.

मी ते ओटीवर काकाला वाचून दाखवलं. त्याने कार्ड माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, लिही. त्याने सांगितलेलं मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. "पानी सोडलां कुठं, त्ये कलवा. म्हातारीनं त्या दिशी विचारलां, मी बगितलां नाय. मी येऊन बगतो. तवर कुनी पानी देव नका."

कार्ड खिशात घालून मी कल्याणला गेलो आणि वखारीतल्या माझ्या मेजावर बसून ते लिहायला घेतलं. लिहिता लिहिता थांबलो. काका असं लिहितो म्हणजे आपल्याला कळत नव्हतं असं कबूल करतो, आणि उद्या ही माणसं गूळ दुसऱ्या वखारीला घालतील. म्हातारा उगाच हळवा झाला आहे, त्याची अब्रू सांभाळणं माझं काम आहे, अशी मी माझी समजूत घातली. अब्रू कुणाची सांभाळत होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. मी लिहिलं:

"पद्धत चुकायची नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालते. तुमच्याच हातून पाणी वेळेआधी सोडले गेले, त्याला आमचा इलाज नाही."

खाली काळुरामाचं नाव घातलं. इतकं शुद्ध मराठी काकाच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. पण तिकडे ते कुणाला कळणार.

उत्तर आलं नाही. येणार कुठून? काकाने दोनचारदा विचारलं, मी नाही म्हणालो. जाऊन येऊ का, असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय कशाला जाता, निभावलं असेल त्यांचं. हे ऐकून त्याला बरं वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. तो गेला नाही. एवढा दोष त्याचाही धरला पाहिजे, आणि पुढे त्याने तो स्वतःच धरला.

त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या उघाडीत एक मोठा ओंडका वाहत येऊन अडकला. दार घट्ट बसलं आणि आतलं पाणी कोपऱ्यातल्या शेतात तुंबून राहिलं. पावसात ओंडका निघेना. आश्विनाच्या उन्हात ते पाणी जागच्या जागी आटलं आणि शेत पांढरं झालं. भात उभा करपला. काका त्या शेतात गेला, बोटभर माती जिभेवर ठेवली, आणि तिथेच मटकन खाली बसला. घरी येऊन त्याने फेटा सोडला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. काकीला म्हणाला, मी त्या लोकांना भरती दिली, ओहोटी दिलीच नाही. काकीने हे मला सांगितलं, तेव्हा मी वखारीच्या कामाचं काहीतरी बोलून विषय बदलला.

दोनच दिवसांनी मी त्याला कल्याण स्टेशनावर पाहिलं. बगलेत गाठोडं, अंगावर धुतलेलं धोतर. पुण्याकडची गाडी त्याच्या समोर येऊन उभी राहिली, माणसं चढली, गाडी गेली, आणि तो बाकावर बसूनच राहिला. संध्याकाळी घरी जाऊन त्याने सांगितलं की गाडी चुकली. मी काही बोललो नाही. तो जे कबूल करायला निघाला होता त्यात माझंही कार्ड उघडं पडलं असतं. त्याची गाडी चुकली याचा मला आनंद झाला, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पौषात धोंडीबा स्वतःच आला. बायको शेवंती बरोबर होती आणि डोक्यावर एक ट्रंक. आई मार्गशीर्षात गेली म्हणाला. गावात राहणं जमलं नाही म्हणाला, कारण सांगितलं नाही. इकडच्या मुलखात ओळखीचं माणूस एकच, म्हणून दाराशी आलो, मिठागरावर काम मिळालं तर बघा. मग तो खाली वाकला आणि काकाच्या पायांना हात लावला. "पाव्हणं, चूक माझीच. तुमी नऊ दिस सांगितलं व्हतं."

त्याने हिशेब करून ठेवला होता. पंचमीला पाणी भरलं, चतुर्दशीला सोडलं. पंचमी धरली तर नऊ होतात, सोडली तर आठ. पंचमी धरायची असते की नसते, हे त्याला काकाकडून समजून घ्यायचं होतं. काकाने त्याचे हात धरून त्याला ओटीवर बसवलं. मी तिथेच उभा होतो, मी त्यांची ट्रंक उचलून आत नेली. काकीने शेवंतीला आत नेलं आणि चुलीकडे वळली.

काकाने परसात त्यांना झोपडी बांधून दिली. सगळ्यांत हलकं काम धोंडीबाला, खाडीतल्या मासळीतली सगळ्यांत मोठी बोई धोंडीबाच्या ताटात. त्याने डोक्यावर मिठाची टोपली घेतली की काका धावत जाऊन हात लावायचा. बाकीचे गडी कुजबुजायचे. धोंडीबा संकोचून जायचा आणि म्हणायचा, असा देवमाणूस बघितला नाही. ते ऐकलं की काका उठून बांधाकडे चालू लागे. काम झाल्यावर दोघं ओटीवर बसत, आणि धोंडीबाची पंचमी पुन्हा निघे. पुढल्या आषाढात काकाने चिखल जिभेला लावला नाही. तोंड आलंय म्हणाला. गावाने अंदाजाने पेरलं आणि निम्मं पुन्हा पेरलं.

सांगायचं मनात होतं त्याच्या. सव्वा वर्ष रोज होतं. पण ज्या माणसाला आपण बुडवलं तोच आपल्या पायांना हात लावतो, तेव्हा तोंड उघडणं फार जड जातं. शिव्या देणाऱ्यासमोर कबूल करणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

१८९५ च्या चैत्रात सहदेव आला. धोंडीबाचा शेजारी, एका भिंतीचा. त्याने नारळ आणला होता. रविवार होता, मी घरी होतो. ओटीवर बसून तो सांगू लागला. खालची वावरं गेलीच, आता माळाच्या अंगाची, वरची वावरंही पांढरी व्हायला लागलीत. गावाकडे उरलेली जमीन तेवढीच. गावाने ठरवलंय की या खेपेला जमिनीचं धुणं काळुरामाच्या डोळ्यांदेखत करायचं, एक दिवस इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. कालव्याचं पाणी मंजूर झालंय. आठ दिवसांत भरायचं आहे, तुम्ही चला.

बोलताना त्याने धोंडीबाकडे एकदाही पाहिलं नाही. धोंडीबाही खांबाआड उभा होता, पुढे आला नाही. एका भिंतीची दोन माणसं अशी का वागतात हे काकाला कळलं नसावं. मला थोडं थोडं कळू लागलं होतं.

काकाने नारळ घेतला नाही. चला, बांधावर जाऊ म्हणाला. आम्ही चौघं गेलो. मोठी ओहोटी लागलेली होती. उघाडीजवळ उभं राहून काकाने खीळ काढली, आणि भरतीला आत झिरपून साचलेलं पाणी दार ढकलून खाडीत जाऊ लागलं. ते जाताना तो बघत राहिला आणि मग बोलला.

"ही खाडी बगा. दिसातून दोनदा येते नि सगलां घेऊन जाते. मी तुमाला पानी भरायला सांगितलां, पन ही तुमच्याकडं नाय, त्ये बगितलांच नाय. म्हातारीनं विचारलां तवा मी हसलू. धोंडीबाचा दिस चुकला नाय. आठ काय नि अठरा काय, मीठ जानारच नव्हतां, उलट खालचां वर येनार व्हतां. चूक माजी हाय. वरच्या शेतांत येक थेंब भरू नका."

धोंडीबा बांधावर खाली बसला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटतं तो अजूनही पंचमी मोजत होता.

सहदेव मात्र उभाच राहिला. त्याने विचारलं, "मंग कार्डात तसं का लिवलं?"

काका म्हणाला, कसं?

सहदेवाला ते तोंडपाठ होतं. चावडीवर मास्तराने तीनदा वाचलं होतं म्हणे. पद्धत चुकायची नाही. तुमच्याच हातून पाणी वेळेआधी सोडले गेले. तो एकेक शब्द सावकाश म्हणत होता आणि मी पायाखालच्या चिखलाकडे बघत होतो. मग त्याने उरलेलं सांगितलं. कार्ड धोंडीबाच्या नावाचं होतं, म्हणून त्या दिवसापासून गावाने धरलं की त्यानेच आळस केला आणि त्याच्यापायी बारा घरं बुडाली. त्याच्या घरी विस्तव दिला नाही, पाणवठ्यावर शेवंतीला उभं केलं नाही. मार्गशीर्षात हौसाबाई गेली तेव्हा तिला न्यायला चार खांदे मिळेनात. शेवंतीचे भाऊ दुसऱ्या गावाहून येईपर्यंत म्हातारी दारातच होती.

"आमची भिंत येक," सहदेव म्हणाला. "रडनं ऐकू येत व्हतं. म्या आतून कडी घातली."

काकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते शब्द त्याचे नव्हते हे त्याला पहिल्याच वाक्याला कळलं असणार. त्याने पानी देव नका म्हणून सांगितलं होतं, येऊन बगतो म्हणून सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर तिकडे पोहोचलं नव्हतं, आणि पत्र लिहिणारा हात जगात एकच होता. आता तो सांगेल, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर मी खाडीत उडी घेतली असती, की दुसरी काही थाप मारली असती, ते मला माहीत नाही.

काका सहदेवाकडे वळला. "व्हय," तो म्हणाला. "मीच सांगितलां तसां लिवायला."

मी तोंड उघडलं नाही. पाणी जाण्याचा आवाज येत होता, धोंडीबा बसलेला होता, सहदेव हळूहळू त्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि मी, सहा इयत्ता शिकलेला हेडकारकून, हात जोडल्यासारखे पुढे धरून गप्प उभा राहिलो.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने तिघे देशावर गेले. ज्या चावडीवर कार्ड वाचलं होतं तिथेच उभं राहून सांगायचं असं काका म्हणाला. उघड्या डोक्याने गेला. काकी मला म्हणाली, त्यांचं वय झालंय, तू बरोबर जा. मी म्हटलं, वखारीत उद्या गुळाच्या मालगाडीच्या वाघिणी लागायच्या आहेत. वाघिणी बुधवारी लागणार होत्या.

चावडीवर काय झालं ते मला पुढे धोंडीबाकडून कळलं. काकाने कार्डासकट सगळं आपल्या अंगावर घेतलं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, मग आता काय करायचं? काका म्हणाला, मला ठाऊक नाही, पण पाण्याला ओढ्यापर्यंत वाट करून दिली पाहिजे, खोल चर खणला पाहिजे, आणि मी खणायला येतो. चांगला मैलभर चर होता. भातं निघाली की तो दर हिवाळ्याला जायचा, साठीतला माणूस, आणि होळीला परत यायचा तो हाताला फोड घेऊन. धोंडीबा गावी परत गेला. चार वर्षांनी त्याच्या निम्म्या वावरात ज्वारी आली. सहदेवाचं वावर अजून पांढरंच आहे.

काकाने मला त्या कार्डाबद्दल कधी विचारलं नाही. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, जेवायला वाट बघायचा, माझ्या पोरांना खांद्यावर घ्यायचा. फक्त देशावर काही कळवायचं असलं की कोपरीहून चालत ठाण्याच्या पोस्टाशी जायचा. तिथे बाहेर बसून पत्रं लिहून देणाऱ्या माणसाला मजकूर सांगायचा, लिहून झाला की त्याच्याकडून दोनदा वाचून घ्यायचा आणि मगच कार्ड पेटीत टाकायचा. मी घरात, दौत-टाक समोर घेऊन बसलेला असलो तरी.